रिकामं ताट पाठवू नये

"घरी स्वयंपाक कोण करतं?" डॉक्टरांनी विचारलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या आयनं वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

"मग काकू, तुमच्या हाताला फारच चव दिसतेय," असं म्हणून डॉक्टर हसले. त्यांच्या मागे उभे असलेले दोन शिकाऊ डॉक्टरही हसले. बोलण्यामागे हेतू वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आय हसली नाही. तिनं वर केलेला हात खाली घेतला, पदरात गुंडाळला आणि डॉक्टर कागदावर माझ्या पोटाचं चित्र काढून कुठून कापणार ते दाखवत होते तेवढा वेळ तो बाहेर काढलाच नाही. मला उठून चालतं व्हावंसं वाटत होतं. माझ्या वजनाच्या माणसाला खुर्चीतून झटकन उठता येत नाही. त्यासाठीच तर आम्ही तिथं आलो होतो.

मुलगी जाड झाली की लोक आधी तिच्याकडे बघतात आणि मग तिच्या आईच्या हाताकडे. लग्नात, बारशाला, अगदी कुणाच्या दहाव्यालासुद्धा आयला बाजूला घेऊन "हिचा भात कमी कर" असं सांगणारं कुणीतरी भेटायचंच. मी पाळण्यातली असल्यासारखं आणि ती मला भरवत असल्यासारखं. मला बघून गेलेली स्थळं परत फिरकली नाहीत, त्याचंही खापर तिच्याच डोक्यावर फुटलं. माझ्या थायरॉइडचं, मी बाहेर हादडलेल्या वडापावांचं, शाळेच्या कार्यालयात फीच्या खिडकीमागे बसून काढलेल्या वर्षांचं नाव कुणी काढलं नाही.

आयचा हात सैल होता, हे मात्र खरं. तिचं माहेर चांदीपचं, भातशेतीचं. सासर खाडीकाठचं, तिथंही शेतीच. ‘खाऊन माजावं, टाकून माजू नये’ हे ती ऊठसूट म्हणायची. बाबा गेल्यावर आम्ही दोघी माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तरी ती चौघांचा भात घालायची. "कोन आलं तर?" म्हणायची. कोणी यायचं नाही, आणि तो भात माझ्या ताटात यायचा. तिला माया बोलून दाखवता येत नसे, ती वाढून मोकळी व्हायची. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते.

ऑपरेशन ठीक झालं. पोटाचा मोठा भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवली. घरी सोडताना माझ्या फोनमध्ये हॉस्पिटलचं अ‍ॅप टाकून दिलं आणि आता पुढची सगळी काळजी यावर, असं सांगितलं. सकाळी ज्या काट्यावर उभं राहायचं तो काटा आपण होऊन वजन फोनला कळवणार. जेवणाआधी ताटाचा फोटो काढून पाठवायचा. संध्याकाळी काही प्रश्नांची उत्तरं द्यायची. पाणी किती प्यायलात, गोळ्या घेतल्या का, उलटी झाली का, चक्कर आली का. सगळं नीट असेल तर हिरवा गोल, काही कमी पडलं तर पिवळा, बिघडलं तर लाल. तिकडे एक आहारतज्ज्ञ मुलगी हे सगळं बघणार आणि आठवड्यातून एकदा फोन करणार. वसईच्या माणसानं बारीकसारीक गोष्टीसाठी मुंबईला खेटे घालायला नकोत, ही सोय. कल्पना चांगली होती. आजही मी तिला नावं ठेवत नाही.

सुरुवातीला नुसतं पातळ चालायचं. मुगाचं पाणी, ताक, पेज. पेल्यांचे फोटो जात राहिले. मग मऊ जेवणाची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी मी ताटात दोन चमचे वरण आणि कुस्करलेलं अर्धं अंडं घेतलं आणि फोटोसाठी फोन वर धरला. आयनं माझं मनगट पकडलं.

"असं पाठवनार तू?"

"एवढंच खायचंय, आय."

"खा ना एवढंच. पन असं पाठवतं कोन? ती पोरगी काय म्हनंल, यांच्या घरात दाना नाय?"

आमच्यात रिकामं भांडं कुणाच्या दारात पाठवत नाहीत. शेजारच्या ख्रिस्ती मावशी नाताळात फराळाचं ताट देतात. ते ताट धुऊन पुसून, त्यात चांदीपचे तांदूळ, नाहीतर निदान चिमूटभर साखर घातल्याशिवाय आय परत करत नाही. भांडं रिकामं गेलं की घराची अब्रू गेली, असं तिचं मत. फोटो म्हणजे तिच्या लेखी कुणाच्या तरी घरी निघालेलं ताटच होतं. मला हसू आलं. बरं बाई, घाल तुला काय घालायचं ते, मी म्हटलं. तिनं अख्खं अंडं ठेवलं, वरणाची वाटी काठोकाठ भरली, पनीरचे तुकडे मांडले, ताटाची कड पदरानं पुसली. फोटो गेला. मी माझे दोन चमचे खाल्ले आणि बाकीचं तिनं संपवलं. टाकणार कशी?

थोड्या वेळानं फोन वाजला. हिरवा गोल आला होता आणि खाली त्या मुलीचा निरोप. "मस्त ताट! काकूंना सांगा, खूप छान."

मी वाचून दाखवलं. आयनं मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग ती भांडी घासायला उठली. माझ्या खाण्यावरून तिला कुणी छान म्हटलं, असं त्याआधी एकदाही घडलं नव्हतं.

मी शाळेत परत रुजू झाले तसं फोनचं काम तिनंच अंगावर घेतलं. माझा जुना फोन तिला दिला, त्यात अ‍ॅप घालून दिलं. सकाळी डबा बंद करायच्या आधी डब्याचा फोटो, संध्याकाळी ताटाचा. फोटो झाला की डब्यातलं निम्मं ती परत पातेल्यात काढायची. प्रश्न मराठीत होते, पण कचेरीच्या मराठीत. ‘आज आपण पुरेशा प्रथिनांचे सेवन केले का?’ आय चष्मा लावून एकेक शब्द मोठ्यानं वाचायची, थोडा विचार करायची आणि देवाला फूल वाहावं तसं जपून बोट टेकवायची. मी कॉटवर पडलेली असायचे. मला त्या प्रश्नांचा कंटाळा आला होता. ती देतेय उत्तरं, बरंच झालं, असं वाटायचं.

त्या आहारतज्ज्ञ मुलीचा फोन यायचा तेव्हाही बोलायची आयच. त्यासाठी खुर्चीत ताठ बसायची. "मांदेली उकडून काटे काढून दिली तर चालंल ना?" ती विचारायची, आणि तिकडून चालेल म्हटलं की माझ्याकडे बघायची. ती मुलगी बिचारी तिला कौतुकानं पाककृती विचारायची. आयच्या वालाच्या बिरड्याची कृती त्या हॉस्पिटलात किती जणांकडे पोचली कोण जाणे.

आणि मला उलट्या होत होत्या. आधी अधूनमधून, मग रोज, मग नुसतं पाणी प्यायल्यावरही. घास उतरला की छातीत अडकायचा, तोंडाला फेस यायचा, आणि तो बाहेर पडेपर्यंत जीव कासावीस व्हायचा. शाळेत मी खिडकीवर पाटी लावून पळत मागच्या स्वच्छतागृहाकडे जायचे. घाईनं खाल्लं तर उलटी होईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे माझीच घाई होते असं मी धरलं. आयला रोज सांगायचे. ती पाठीवरून हात फिरवायची, लिंबू कापून आणायची, ओठ पुसायची. तिकडे सगळं कळतंय, याबद्दल मला शंका नव्हती. उलटीचा प्रश्न रोज येत होता आणि आय रोज उत्तर देत होती.

आय रोज ‘नाही’ दाबत होती. मला ते फार उशिरा कळलं.

वजन भराभर उतरत होतं. काट्यावर उभी राहिले की फोनवर फुगे उडायचे, अभिनंदन यायचं. शाळेत सगळ्या म्हणायच्या, ओळखूच येत नाहीस. ज्यांनी उभ्या जन्मात माझ्याकडे वळून पाहिलं नाही ते थांबून चौकशी करायला लागले. मला त्यांचा राग यायचा. माणूस आतून रिकामं होत असताना बाहेरून लोक टाळ्या वाजवतात, तेव्हा कुणाला काय सांगणार? एका लग्नात, पूर्वी भात कमी कर म्हणणाऱ्या बाईनंच आयला विचारलं, "काय खायला घालतेस गं हिला, एवढी छान झाली ती?" आयनं तिला यादीच ऐकवली. त्या महिन्यांत आय जरा ताठ चालायला लागली होती. मी हे पाहत होते, आणि मला बरं वाटत नव्हतं तरी तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग केस गळायला लागले. पायांना मुंग्या यायला लागल्या, त्या नव्या चपलांमुळे असतील म्हणून मी चपला बदलल्या. खिडकीतून बघताना एकाच पालकाचे दोन चेहरे दिसायचे, पावतीवरच्या ओळी एकमेकींवर चढायच्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हटलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं. फोन हिरवाच होता.

एका दुपारी शाळा सुटल्यावर माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर मी रांगेत उभी होते. पाय कुठे पडतोय ते मला कळेना. रस्ता एकीकडून उचलल्यासारखा वाटला आणि मी आडवी झाले. "दिवसाढवळ्या पिऊन आली वाटतं," असं कुणीतरी म्हटलेलं मी ऐकलं. दोघांनी धरून रिक्षात बसवलं. पत्ता मात्र मला सांगता येईना. माझ्या गळ्यातल्या शाळेच्या ओळखपत्रावरून त्यांनी तो काढला.

घरी आणल्यावर मी आयला मावशी म्हणाले, बाबा शेतावरून आले का म्हणून विचारलं. हे मला आयकडून कळलं, मला त्यातलं काही आठवत नाही. आयनं त्या मुलीला फोन लावला. आधी कधी तिनं आपण होऊन लावला नव्हता. "बाय भलतंच बोलते, तिचे डोले ठिकानावर नायत," एवढंच ती म्हणाली. मुलीनं एक प्रश्न विचारला, काकू, हिला उलट्या होतात का? या वेळी आय हो म्हणाली. तशाच उठून हिला घेऊन या, कपडेसुद्धा बदलू नका, असं त्या मुलीनं सांगितलं.

पोटाच्या उरलेल्या नळीला मध्येच एक अरुंद जागा तयार झाली होती, त्यातून घास उतरतच नव्हता. अंगातलं एक जीवनसत्त्व पार संपलं होतं, आणि ते संपलं की आधी नसा आणि मग मेंदू उपाशी पडतो. शिरेतून औषध सुरू झालं. माझं भान हळूहळू परत आलं. परत आलेलं भान काही सुखाचं नव्हतं. पाय माझे आहेत हे पाहून कळायचं, हलवून नाही.

डॉक्टर आले ते हातात फोन घेऊनच. आमची सगळी ताटं त्यात होती. ते बोटानं एकेक पुढे सारत होते. अंडी, पनीर, मांदेली, बिरडं, भरलेल्या वाट्या. पदरानं पुसलेल्या कडा चमकत होत्या.

"हे सगळं खात होतात?" त्यांनी विचारलं. "मग असं व्हायला नको होतं. फोटो कोण काढायचं?"

"मी," मी म्हणाले. जीभ जड होती, पण तेवढं स्पष्ट म्हणाले.

"मी काढायची," भिंतीपाशी उभी असलेली आय म्हणाली.

"आणि उलटी होत नाही असं रोज कोण लिहीत होतं?"

मी आयकडे पाहिलं. मला खरंच वाटलं होतं की हा यंत्राचा घोटाळा असणार. आयनं मान खाली घातली आणि म्हणाली, "मीच."

त्या दिवशी आम्ही आहारतज्ज्ञ मुलीला पहिल्यांदा समोर पाहिलं. आयच्या डोक्यात कुणी मोठी बाई असावी. ही अगदी कोवळी होती, आणि तिचे डोळे भरले होते. "काकू, मला सांगायचं ना," ती म्हणाली.

"काय सांगू?" आय म्हणाली. "तू रोज छान छान म्हनायचीस."

मला डॉक्टरांचा इतका राग आला होता की अंगातली सुई काढून फेकावीशी वाटली. "पहिल्या दिवशी तुम्ही हसला होतात," मी त्यांना म्हटलं. त्यांना ते कळलं नसावं. "बोलू नका, आराम करा," ते म्हणाले आणि पुढच्या कॉटकडे गेले. चूक त्यांची होती असंही मला म्हणता येणार नाही. त्यांनी मला वाचवलं. पण आयच्या पदरातला तो हात त्या खोलीत मी सोडून कुणी पाहिलाच नव्हता.

घरी येताना आय एकदाच बोलली. "उलटी होते म्हटलं असतं तर परत तेच बोलले असते. आयच्या हातचं बाधलं." मी म्हटलं, कुणी बोललं नसतं. खोटंच होतं ते. दोघींनाही माहीत होतं.

ती अरुंद जागा दुर्बिणीनं मोठी करून दिली. उलट्या थांबल्या. डोळ्यांना आता एकच चेहरा दिसतो. पाय तेवढे पूर्ण परत आले नाहीत. घोट्याखाली अजून पाऊस पडतो की ऊन आहे ते मला कळत नाही, काठी घेऊन शाळेत जाते. अ‍ॅप तेच आहे. आता ते मीच भरते. दोन चमचे घेतले तर दोनच दिसतात, हिरवा गोल क्वचित येतो, पिवळा जास्त. पिवळा आला की त्या मुलीचा लगेच फोन येतो आणि ती हल्ली छान म्हणत नाही, नीट विचारते. असं सगळं सुधारलं.

आय स्वयंपाक करते. पण मला वाढत नाही. सुरुवातीला मला वाटलं, दमली असेल. मग ध्यानात आलं की पातेली टेबलावर आणून ठेवते आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभी राहते. आमच्या घरात पानावर बसलेल्या माणसानं आपल्या हातानं घेतलं तर वाढणारी मेली असं म्हणायचे. मी तिला त्याची थट्टेनं आठवण करून दिली. "हां," एवढंच म्हणाली. तिनं रडावं, मला चार शिव्या द्याव्यात, असं मला वाटतं. माझी आय माझ्यासमोर वावरते आणि मला तिची आठवण येते.

मागच्या रविवारी चांदीपहून मामा नवे तांदूळ घेऊन आला होता. आयनं बऱ्याच दिवसांनी मनापासून रांधलं. सुकटीची चटणी, वालाचं बिरडं, त्याच तांदळाचा भात. मामाला आग्रह करकरून वाढलं. तो नको नको म्हणत असताना आणखी एक डाव भात पडला. तिचा हात तोच होता, तसाच सैल. भाताची वाफ माझ्यापर्यंत येत होती. मग ती माझ्या ताटाशी आली आणि डाव पातेल्यातच ठेवून पुढे गेली.

"आय, मला वाढ ना," मी म्हणाले. "एकच चमचा."

तिनं हात पदराला पुसले. आत गेली, माझा फोन घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"याला विचार आधी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

मामानं खाली बघून भात कालवायला घेतला. मी फोन उचलला आणि ताटावर धरला. ताट कोरडं होतं, कड पुसलेलीसुद्धा नव्हती.

"आय, रिकामंच चाललंय बघ," मी म्हणाले.

तिचा हात डावाकडे गेला. मी पाहिला. डाव तिनं धरलाही. मग तो सोडला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"जाऊ दे," आय म्हणाली.